तोडलेलं झाड

“खोटं बोलताय तुम्ही!” टॉर्किल्डने सुरी टेबलावर आपटली. “हे सफरचंद त्या घरातलं असूच शकत नाही!”

बोडिलचा पारा चढला. फोबोर्ग शहराच्या सभागृहात सफरचंदाची जात ओळखून घ्यायला ती तासभर रांगेत उभी होती. जुलैत तिने घर घेतलं. परसातलं सफरचंदाचं झाड कुठल्या जातीचं, ते गावात कुणालाच सांगता येईना. टॉर्किल्ड नुसती फोड चाखून जात ओळखतो, असं ऐकून ती पाच फळं घेऊन आली होती. त्याने चाखलं, घराचा पत्ता विचारला आणि तो भडकलाच.

“मी झाडाचं नाव विचारायला आलेय, तुमची बोलणी खायला नाही. या, स्वतःच्या डोळ्यांनी बघा!”

“बघतोच!” रांग तशीच सोडून तो उठला.

गाडीतही तो धुमसत होता.

“याला नाव नाहीच. आमचंच घर ते. शाळेत असताना मीच तिथे बी पेरून वाढवलं. बियांपासून वाढलेलं प्रत्येक झाड वेगळं. ही चव दुसरीकडे मिळायची नाही.”

“मग मी खोटं काय बोलले?”

“ते तोडलंय! विसाव्या वर्षी मी शेती सोडून जहाजावर गेलो. आईचं पत्र आलं. ‘तुझं झाड तोडून चुलीत घातलं. आता परत येऊ नकोस.’ नाही गेलो. सव्वीस वर्षं. या एप्रिलात ती वारली, तेव्हाही नाही. माझ्यावर राग होता ना? झाडाने काय घोडं मारलं होतं तिचं?”

घरी पोचताच फाटक उघडून बोडिल बाजूला झाली.

झाड फळांनी लगडलं होतं.

टॉर्किल्ड क्षणभर बघतच राहिला. मग त्याचा चेहरा लालबुंद झाला.

“म्हणजे पत्रातही खोटं! सव्वीस वर्षं मला फसवलं!” त्याने बुंध्याला लाथ घातली. चार सफरचंदं टपटप खाली पडली.

“अहो, लाथा काय मारताय? झाड आता माझं आहे!” बोडिल ओरडली.

तो दुसरी लाथ मारायला सरसावला आणि थांबला. त्याची नजर छाटलेल्या फांदीच्या एका कापावर गेली होती. मग दुसऱ्यावर. तो बोटांनी साल चाचपू लागला.

“दरवर्षी कुणीतरी छाटलंय,” तो म्हणाला. आवाजातली धार गेली होती.

उंचावरचे काप सर्वांत जुने होते, सालीने भरून आलेले. जितका काप नवा, तितका तो खाली. सगळ्यात ताजा जेमतेम त्याच्या कमरेपर्यंत येत होता. लाकूड अजून पांढरं होतं, याच फेब्रुवारीतलं, आई जाण्याच्या दोनच महिने आधीचं.