कळशीतलं पाणी

"ही टाकी उद्या कुणाला तरी देऊन टाकतो," नाना खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या काचेला नाक लावून म्हणाले. आतलं जांभळं प्रवाळ टोकांकडून पांढरं पडत चाललं होतं. पाण्याचा खारेपणा, उष्णता, दिव्याचा उजेड, सगळं त्यांनी तपासलं होतं. बोटीवरची नोकरी संपल्यावर नवऱ्याकडे एवढाच समुद्र उरला होता, हे कुमुदताईंना ठाऊक होतं.

आता पाण्यात तांबं आहे का, एवढीच चाचणी राहिली होती. नानांनी नळीतल्या पाण्यात औषधाचे थेंब टाकले आणि पाणी निळसर झालं. "यात तांबं आलं कुठून? प्रवाळाला ते विषच!"

कुमुदताई जागीच थबकल्या. नानांचे हात थरथरायला लागल्यापासून टाकीत आटलेल्या पाण्याची भर त्याच घालत. फिल्टरचं पाणी रात्रभर रुखवतातल्या तांब्याच्या कळशीत ठेवत आणि सकाळी ओतत. वेंगुर्ल्याला त्यांच्या आईने असंच पाणी पाजून सगळी भावंडं वाढवली होती.

"अहो, ते माझ्या कळशीतलं. म्हटलं, जिवाला बरं असतं."

नाना आधी तडकले, मग हसतच सुटले. "अगं, मला इतकी वर्षं पाजलंस, मी टिकलो. सगळ्यांची हाडं आपल्यासारखी कोकणातली नसतात!"

दोघांनी मिळून पाणी बदललं, तांबं शोषून घ्यायला कोळशाची पुरचुंडी आत सोडली. पुढे कधीतरी प्रवाळाच्या एका टोकाला जांभळी कड दिसली. टाकी देण्याची भाषा नानांनी पुन्हा काढली नाही.

कुमुदताई आता प्लास्टिकच्या मगाने भर घालतात. कळशीतलं पेलाभर पाणी मात्र नानांना प्यावंच लागतं, त्याशिवाय काच पुसायचं फडकं हाती मिळत नाही.