नुसता तानपुरा

गंगाखेडच्या संगीत महोत्सवात योगिनीताईंच्या आधी त्यांची शिष्या शिवकन्या गायली आणि अख्खा मंडप टाळ्या वाजवत उभा राहिला. "पोरीनं लय भारी गायलं, चला आता घरी!" कुणीतरी हसत म्हणालं. पडद्याआड ताईंचा जीव जळला. मग रिवाजाप्रमाणे शिवकन्या तानपुरा घेऊन त्यांच्या मागे साथीला बसली. "आज मागून गायचं नाही, नुसता तानपुरा छेड," ताई तिच्या कानात म्हणाल्या. "बरं, ताई." ताईंचं गाणं रंगलं. वरचा सा लावून त्या सवयीनं श्वास घ्यायला थांबल्या; एरवी तिथून पुढे शिवकन्या गायची. आज नुसत्या तारा वाजत राहिल्या. "गा की लेकी, गप काऊन बसलीस?" पहिल्या रांगेतले आजोबा कळवळले. शिवकन्या परवानगीची वाट बघत थांबली होती. ताईंनी मागे न बघताच होकारार्थी मान हलवली. शिवकन्येच्या पहिल्याच स्वराला पुन्हा टाळी पडली.