हौदावरचं हिरवं

सुप्याच्या कारखान्यात सांडपाण्याच्या हौदावर वृषालीने अझोला, पाण्यावर तरंगणारं शेवाळासारखं नेचं, सोडला होता. पाण्यातलं शिसं शोषून घेतलेला हा अझोला उपसला की विषारी कचऱ्याच्या गाडीत जायचा. गाडी येईपर्यंत त्याचा ढीग निम्मा व्हायचा. वाळून बसत असेल, असं तिला वाटायचं.

आज झाडलोट करणाऱ्या गोजरबाई त्याच ढिगातून पाटी भरताना दिसल्या.

"हे कुठं नेताय?"

"गाईला, म्याडम. आमच्याकडं समदेच घालत्यात की अझोला. दूध वाढतं."

वृषालीने पाटी धरून ठेवली. "कधीपासून?"

"दिवाळीपासनं."

"सगळ्या गाईंना?"

"न्हाई वो. एकट्या तांबडीला. तिला लई जपते म्या."

वृषालीने फोन काढला. "तिचं दूध कुठल्या डेअरीला घालता? आत्ताच्या आत्ता थांबवायला हवं."

"डेअरीला कशाला?" गोजरबाई कौतुकाने हसल्या. "तुमीच म्हनला हुता न्हवं, बाळाला एकाच गाईचं दूध पायजे? तवापासनं तांबडीचं तुमच्या गवळ्याच्या हातनं तुमच्याच घरी जातं की."