एका ‘हो’चा अर्थ

“हे उत्तर तू सैरुसीचं पाहून उतरवलेलं नाहीस?” डॉ. हॉलोरन यांनी विचारलं.

तेरेतिया मान खाली घालून बसली होती. “हो,” ती म्हणाली.

डॉ. हॉलोरन यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांच्या शेजारी बसलेल्या बाउरोने खुर्ची जरा पुढे ओढली. तेरेतियाला आणि सैरुसीला बाहेर थांबायला सांगण्यात आलं.

फिजीतल्या सुवाच्या त्या विद्यापीठात संगणक शिकायला आलेल्या सगळ्यांना पहिल्या वर्षी डिस्क्रीट मॅथ्स घ्यावंच लागे. बाउरो त्याचा सराववर्ग चालवी. त्यात आकडे जवळजवळ नव्हतेच. ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’, ‘जर-तर’, आणि त्यांच्या आधाराने एकेक गोष्ट सिद्ध करणं. मुलं रडकुंडीला येत. “आकडे नाहीत तर याला गणित कशाला म्हणायचं, सर? चर्चमधलं प्रवचन म्हणा,” असं सैरुसी मागच्या बाकावरून म्हणे, आणि वर्ग हसे.

सैरुसी कडावू बेटावरचा. या विषयात दोनदा नापास झालेला. तेरेतिया त्याच्या शेजारी बसे, चाचणीच्या दिवशीही बसली होती. चौथ्या प्रश्नाचं दोघांचं उत्तर ओळीला ओळ सारखं निघालं. पहिल्यासाठी खरं दाखवायचं, मग कुठल्याही एकासाठी खरं असेल तर पुढच्यासाठीही खरं ठरतं हे दाखवायचं, अशी ती सिद्धता. त्या ‘कुठल्याही एका’साठी सगळा वर्ग ‘के’ हे अक्षर लिही. या दोघांनीच ‘व्ही’ लिहिलं होतं.

दोघांतल्या एकाने उतरवलं होतं, आणि ज्याने उतरवलं त्याला विद्यापीठ सोडावं लागणार होतं.

सैरुसीची चौकशी आधी झाली होती. “नाही,” तो सरळ म्हणाला होता.

“मग ‘व्ही’ कुठून आणलास?”

“वोनूचा ‘व्ही’, सर. वोनू म्हणजे कासव. आमच्या किनाऱ्यावर एक वर आलं की त्याच्यामागे दुसरं येतं. दोन वर्षं डोक्यात शिरलं नाही, ते कासवांमुळे शिरलं.”

डॉ. हॉलोरन जराशा हसल्या होत्या. बाउरो हसला नव्हता. दोनदा नापास झालेला मुलगा गोष्ट चांगली रचतो, एवढंच त्याच्या मनात आलं होतं.

आता दार बंद झाल्यावर डॉ. हॉलोरन म्हणाल्या, “तिने कबूल केलं. वाईट वाटतं, पण संपलं.”

“तिने कबूल केलेलं नाही,” बाउरो म्हणाला.

“बाउरो, ती हो म्हणाली.”

“तुम्ही सिडनीच्या. तुमच्याकडे अशा प्रश्नाला हो म्हणजे ‘हो, उतरवलं’. मी किरिबास बेटांवरचा, तीही किरिबासची. आमच्याकडे ‘उतरवलं नाहीस?’ असं विचारलं, की हो म्हणजे ‘हो, तुम्ही म्हणता तसंच, नाही उतरवलं’. मी इथे नवा होतो तेव्हा खाणावळीत विचारायचे, ‘जेवला नाहीस?’ मी हो म्हणायचो आणि उपाशी परतायचो.”

डॉ. हॉलोरन यांनी चष्मा पुन्हा लावला. “मग तिला पुन्हा विचारू या. सरळ.”

“आता विचारलंत तर ती घाबरून तुम्हाला हवं ते बोलेल. आमच्या मुली मोठ्यांचा शब्द मोडत नाहीत. मी रोज बघतो ना. ‘माउरी’ म्हणून नमस्कार केला की हसते. आपल्या भाषेत चार शब्द बोललो तर भुवया उंचावून हो करते आणि जाते. उलटून एक शब्द नाही. घरून वळण आहे.”

दाराच्या काचेतून दोघं दिसत होती. सैरुसीने कागदात बांधलेला उकडलेला कसाव्याचा कंद तिच्यापुढे धरला होता. “खा गं. उपाशी पोटी हाकललं तर आणखी लागतं,” तो म्हणाला ते आत ऐकू आलं. तिने वर पाहिलं नाही. सुटीला निघाल्यासारखी एक भरलेली बॅग तिच्या पायाशी होती. त्या मुलाला स्वतःचंच मन खातंय, असं बाउरोला वाटलं.

“दोघांपैकी एकाने उतरवलंय,” तो म्हणाला. “तिने नाही.”

पुढचं वाक्य त्याला बोलावं लागलं नाही. डॉ. हॉलोरन गणितच शिकवत.

सैरुसीला एकट्याला आत घेतलं. निर्णय ऐकताना तो उभाच होता. या वेळी त्याला चेष्टा सुचली नाही.

“घरी काय सांगू, ते तरी सांगा,” तो म्हणाला.

त्याने मागच्या जिन्याकडचं दार उघडलं आणि तिथून वळून बाउरोकडे पाहिलं.

“कासवं माझीच होती, सर.”

त्याची पावलं जिन्यावरून खाली गेली. डॉ. हॉलोरन म्हणाल्या, “मुलीला तुम्हीच सांगा. तुमच्या तोंडून बरं वाटेल.”

बाउरो बाहेर आला. तेरेतिया उठून उभी राहिली. तो आपल्या भाषेत म्हणाला, “वाचलीस पोरी. आपल्या ‘हो’ने आज तुझा घातच केला असता.”

तिने सवयीने भुवया उंचावल्या, मग थांबली.

“सर, इंग्रजीत सांगाल का? मी न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनला वाढले, इंग्रजीतच. आपली भाषा मला येत नाही. रोज सांगायचं म्हणते, पण लाज वाटते.”

बाउरोचा हात दाराच्या कडीवरच राहिला.

“सैरुसी अजून आत आहे का? त्याची माफी मागायची होती,” बॅग उचलत ती म्हणाली. “मी कबूल केलंच आहे. वसतिगृहाची खोली आजच सोडायची ना?”