ताज्या लेंड्या

हवेतला कार्बन साठवायचा म्हणून कंपनीने गावच्या कुरणात बाभळीची रोपं लावली, भोवती कुंपण घातलं आणि राखणीला मला ठेवलं. तरी रोज आत ताज्या लेंड्या सापडायच्या. गावात शेळ्या उरल्या होत्या फक्त माझ्या मावशीच्या.

"माझी एकही शेळी आत गेलेली नाही," मावशी ठणकावून म्हणाली.

चोराच्या उलट्या बोंबा! दुसऱ्या दिवशी उजाडताच मी झुडपाआड दबा धरून बसलो. मावशी एकटीच आली आणि वाळलेल्या रोपांच्या आळ्यांत टोपलीतल्या लेंड्या दाबू लागली. मी तिचा हात धरला.

"हे काय चाललंय?"



"शेळीच्या पोटातून आलेलं बाभळीचं बी हमखास उगवतं. रोपं मेलेली दिसली, तर साहेब आधी तुलाच काढतील ना रे!"