पायी मनाई

टोलनाक्यावरच्या माणसाने शववाहिका पुढे सोडली आणि तिच्यामागून चालत आलेल्या माणसांसमोर आडवा दांडा खाली केला.

"पुलावर पायी मनाई आहे. गाडी जाऊ दे, तुम्ही थांबा."

शववाहिकेत लाँचवाला तात्या होता. बंदरात कापसाच्या गाठी उतरायच्या, त्या दिवसांपासून तो या काठाची माणसं त्या काठाला नेत होता. पुलाचे खांब उभे राहत होते तेव्हा सिमेंट, सळया, साहेब लोक, सगळे त्याच्याच लाँचमधून आले. पूल झाला आणि लाँच बंद पडली. धक्क्याला उभ्या लाँचला साखळी लागली. स्मशान मात्र पलीकडच्या काठावरच राहिलं.

मागे मासळीच्या कारखान्यातल्या बायका होत्या, जुन्या गोदीतले हमाल होते, शाळेतले मास्तर होते. सकाळीच हवा घामट झाली होती.

"अहो, माणसाला पोचवायला निघालोय," मास्तर म्हणाले. "मोर्चा नाही हा."

"कळतंय हो काका. बसने या ना."

"बस पुलावरून जाते?"

"नाही. ती खाडीला वळसा घालून जाते."

"म्हणजे आम्ही पोचेपर्यंत तिकडे सगळं उरकलेलं असेल."

मागे हॉर्न वाजू लागले. एका काळ्या गाडीची काच खाली झाली. "आमचं विमान चुकेल! मेलेल्याला कसली आलीय घाई?"

दांड्यापलीकडे थांबलेल्या शववाहिकेचं पुढचं दार उघडलं आणि तात्याची बायको खाली उतरली. काळ्या गाडीकडे तिने पाहिलंही नाही. ती टोलवाल्यासमोर जाऊन उभी राहिली.

"हा पूल कुणासाठी आहे रे बाबा?"

"सगळ्यांसाठी, मावशी."

"मग आम्ही कोण?"

टोलवाला दांड्याकडे बघत राहिला. "मी तरी काय करू? माझी नोकरी जाईल."

"तुझी नको जायला. आमच्या गेल्या तेवढ्या पुरे." ती हमालांकडे वळली. "ह्यांना खाली घ्या. जिथे तुम्हाला पाय टाकायची बंदी, तिथून हे जाणार नाहीत."

हमालांनी स्ट्रेचर खांद्यावर घेतलं. सगळी माणसं मागे फिरली आणि उतार उतरून धक्क्यावर आली. लाँचचा जुना मिस्त्री घरून पहार घेऊन आला. साखळीत पहार अडकवून तो थांबला.

"वहिनी, केस होईल."

"होऊ दे. पहिलं नाव माझं सांग."

साखळी तुटली. इंजिन खोकलं, बंद पडलं, पुन्हा खोकलं. मिस्त्रीने त्याला एक कचकचीत शिवी हासडली, तेव्हा कुठे ते धडधडू लागलं.

लाँच पुलाखाली आली तेव्हा वरून शिट्ट्या ऐकू आल्या. एक पोलिस कठड्यावरून वाकून हातवारे करत होता. कारखान्यातल्या एका बाईने मान वर करून त्याला विचारलं, "येतोस का? ये, जागा आहे."

इंजिनाचा आवाज ऐकून पलीकडच्या धक्क्यावर माणसं धावत आली. कुणाच्या डोक्यावर टोपली, कुणाच्या कडेवर पोर, एकाने तर सायकलच खांद्यावर घेतली होती. लाँच टेकायच्या आधीच रेटारेटी सुरू झाली.

"सुरू झाली का हो लाँच?" कुणीतरी ओरडून विचारलं.

तात्याची बायको स्ट्रेचरपासून उठली, पुढच्या टोकाला गेली आणि दोन्ही हात आडवे धरून उभी राहिली.

"आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या," ती म्हणाली. "मग चढा."