हसायची जागा

"...आणि डिसेंबरच्या आत पूल उभा राहील," असं म्हणून मेयर एव्हारिस्तो टाळ्यांसाठी थांबले. सवयच होती त्यांना.

कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्या मानांग उर्सुला, म्हणजे सगळ्यांच्या थोरल्या ताई, हसल्या. आधी शिट्टीसारखं, मग जुनी मोटारसायकल चालू व्हावी तसं.

रेनांतेने त्यांच्याकडे डोळे वटारले. त्याचा इंटरनेट रेडिओ मासळीबाजाराच्या माडीवरच्या या एका खोलीतून चालायचा, आणि खोली नगरपालिकेची. ती आता मेयरांच्या मेहुण्याला हवी होती, झुंजीच्या कोंबड्यांचं खाद्य ठेवायला. आजची मुलाखत नीट झाली तरच खोली वाचणार होती. विनोदी कार्यक्रमांत हसणं हे मानांगचं काम. आज हसायचं नाही, हे त्याने त्यांना हातवारे करून तीनदा सांगितलं होतं.

"यात हसण्यासारखं काय आहे?" मेयरांनी विचारलं.

"मेयर, म्हातारीला ऐकूच येत नाही हो," रेनांते घाईने म्हणाला. " बोलणारा थांबला की तिला वाटतं विनोद झाला. तुम्ही फक्त थांबू नका."

पण एवढ्या निवडणुका लढलेला माणूस थांबल्याशिवाय बोलणार कसा? दवाखान्यात औषधं येणार, मेयर थांबले. मानांग हसल्या. गाळ उपसला, थांबले. मानांग हसल्या. "मी स्वतः एक पेसो खाल्लेला नाही," म्हणाले आणि थांबले. मानांग खुर्चीवरून घसरल्या.

आता जिन्यावरून आवाज येऊ लागला. खाली कोळणींनी मोबाईलवर हीच मुलाखत मोठ्याने लावली होती. अख्खा बाजार खिदळत होता. मेयर ताडकन उठले. रेनांतेने मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं.

मेयर खिडकीशी गेले. खालून शंभर हात हलले, कुणीतरी शिट्टी मारली. मेयर बराच वेळ बघत राहिले. वळले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते.

"भाड्याने आणलेली माणसंसुद्धा मला कधी इतकी दाद देत नाहीत रे," ते म्हणाले. "मेहुण्याला सांगतो, कोंबड्यांचं खाद्य घरात ठेव. दर शुक्रवारी मी इथे येणार. आणि या म्हातारीला हलवायचं नाही."

ते गेल्यावर रेनांते धपकन खाली बसला. "बहिरेपणानं तारलं बुवा," तो स्वतःशीच पुटपुटला.

"मी बहिरी तुझ्या विनोदांपुरती," मानांग चपला शोधत म्हणाल्या. "मेयरांचा शब्द न् शब्द ऐकला."